जठराच्या भिंतीतली गाठ कोणत्या थरात आहे?

ॲसिडिटीचा त्रास, रक्ताचे घटलेले प्रमाण अशा एखाद्या कारणासाठी एंडोस्कोपी होते, जठराचे अस्तर सगळीकडे निरोगी दिसते, आणि तरीही अहवालाच्या शेवटी एक ओळ येते: ‘जठराच्या वरच्या भागात सुमारे दीड सेंटिमीटरचा गोलसर उंचवटा, वरचे अस्तर नॉर्मल, सबएपिथेलियल लिजन, ईयूएस करून घ्यावे.’ काही वेळा त्या उंचवट्यावरून चिमट्याने तुकडाही घेतलेला असतो आणि काही दिवसांनी त्याचा अहवाल नॉर्मल येतो. मग घरात दोन मते पडतात. एकाला वाटते, बायोप्सी नॉर्मल आली, विषय संपला. दुसऱ्याला मात्र ‘गाठ’ या शब्दाने झोप लागत नाही. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, आणि ते घाईचे का आहेत हे समजून घेण्यासाठी जठराची भिंत कशी बनलेली असते तिथूनच सुरुवात करावी लागते.

जठर हवेने किंवा पाण्याने फुगवले की त्याची भिंत साधारणपणे तीन ते चार मिलिमीटर जाडीची असते. एवढ्याशा जाडीत अनेक थर एकमेकांवर बसलेले असतात. सर्वांत आत, अन्नाला लागून, आम्ल आणि पाचकरस तयार करणारे मऊ अस्तर असते आणि त्या अस्तराच्या तळाशी स्नायूची एक अगदी पातळ पट्टी असते. त्याखाली रक्तवाहिन्या, थोडी चरबी आणि सैल धाग्यांचे जाळे असलेला थर येतो. त्यानंतर येतो तो जठराचा मुख्य स्नायू, जो आकुंचन पावून अन्न घुसळतो. आणि सगळ्यात बाहेर एक पातळ आवरण. एंडोस्कोपीचा कॅमेरा यांपैकी फक्त सर्वांत आतला पृष्ठभाग पाहतो. चिमट्याने घेतलेला नेहमीचा तुकडाही बहुधा त्या वरच्या अस्तराचाच असतो. सतरंजीखाली एखादा खडा राहिला तर वरून उंचवटा दिसतो, हाताला कठीण लागतो, पण सतरंजीचे धागे कितीही बारकाईने तपासले तरी खालचा खडा कशाचा आहे ते कळत नाही. बायोप्सी नॉर्मल येणे म्हणजे सतरंजी चांगली आहे, इतकाच अर्थ.

अशा उंचवट्यांना पूर्वी सरसकट ‘सबम्युकोसल ट्यूमर’, म्हणजे अस्तराच्या लगेच खालच्या थरातली गाठ, म्हणत असत. आता सबएपिथेलियल लिजन, म्हणजे वरच्या अस्तराखालचा उंचवटा, हा शब्द अधिक वापरला जातो, आणि मला तो बदल योग्य वाटतो, कारण जुन्या नावात दोन गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या होत्या: उंचवटा ठरावीक थरातच आहे आणि तो ट्यूमरच आहे. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी अजून ठरायच्या असतात. त्या ठरवण्यासाठीच एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे ईयूएस, ही तपासणी सुचवली जाते.

पोटावरून करतात ती सोनोग्राफी इथे का चालत नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ध्वनिलहरींना हवा पार करता येत नाही, आणि जठरात व आतड्यात हवा असतेच. शिवाय त्वचा, चरबी आणि पोटाचे स्नायू ओलांडून खोलवर पोचायचे तर कमी वारंवारतेच्या, साधारण दोन ते पाच मेगाहर्ट्झच्या, लहरी वापराव्या लागतात. अशा लहरी लांब जातात, पण बारीक तपशील दाखवू शकत नाहीत. वारंवारता वाढवली की तपशील वाढतो आणि पोच घटते. ही देवाणघेवाण सोनोग्राफीत कुणालाच चुकलेली नाही. ईयूएसमध्ये त्यावर सरळ उपाय केलेला आहे: दुर्बिणीच्या टोकावरच सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवायचा आणि तो थेट जठराच्या भिंतीजवळ न्यायचा. अंतर काही मिलिमीटरच उरले की पाच ते बारा मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी सहज वापरता येतात, आणि अगदी छोट्या उंचवट्यांसाठी दुर्बिणीच्या आतून सरकवता येणारे वीस मेगाहर्ट्झचे बारीक प्रोबही मिळतात. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डिमॅग्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत श्ट्रोम, क्लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उपकरणांचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. स्वादुपिंडासारखा आड दडलेला अवयव नीट दिसावा ही त्यामागची मोठी प्रेरणा होती. पण प्रोब जठरात उतरल्यावर जठराची स्वतःची भिंतही थराथराने उलगडून दिसते, हा लाभ लवकरच लक्षात आला.

तपासणीच्या वेळी पडद्यावर काय दिसते, ते जरा जवळून पाहू. डॉक्टर जठरातली हवा शोषून घेतात आणि तिथे पाणी सोडतात, कारण पाण्यातून ध्वनिलहरी बिनबोभाट जातात आणि प्रोब भिंतीवर दाबून धरावा लागत नाही. मग पडद्यावर भिंत पट्ट्यापट्ट्यांची दिसू लागते: पांढरी, काळी, पांढरी, काळी, पांढरी. आतून बाहेर मोजत गेल्यास पहिली पांढरी पट्टी अस्तराच्या पृष्ठभागाची, दुसरी काळी पट्टी अस्तराच्या खोल भागाची आणि त्याच्या तळच्या पातळ स्नायूची, तिसरी ठळक पांढरी पट्टी रक्तवाहिन्या आणि सैल धाग्यांच्या थराची, चौथी काळी पट्टी मुख्य स्नायूची, आणि पाचवी पांढरी पट्टी बाहेरच्या आवरणाची. ज्या भागातून लहरी मोठ्या प्रमाणात परततात तो पांढरा आणि ज्यातून कमी परततात तो काळपट दिसतो. अहवालात ‘हायपरएकोइक’ म्हटले असेल तर पांढरट, ‘हायपोएकोइक’ असेल तर काळपट आणि ‘अनएकोइक’ असेल तर पूर्ण काळे, म्हणजे बहुधा द्रव, असे समजावे.

आता तपासणाऱ्याची नजर उंचवट्याच्या मधोमध कमी आणि त्याच्या कडेवर जास्त असते. निरोगी भिंतीतल्या पाच पट्ट्या दिसत असतात; त्या हळूहळू गाठीकडे सरकत न्यायच्या आणि कोणती पट्टी फुगून गाठीत विलीन होते ते पाहायचे. चौथी काळी पट्टी दोन्ही बाजूंनी येऊन त्या गोलाकारात मिसळत असेल आणि वरच्या तीन पट्ट्या अखंडपणे गाठीवरून जात असतील, तर ही गाठ मुख्य स्नायूतून निघालेली आहे. या तपासणीचे मर्म मला इथेच दिसते. ‘ही गाठ काय आहे’ हा प्रश्न ईयूएस सरळ सोडवत नाही. ते आधी ‘ही गाठ कोणत्या थरातली आहे’ हे सांगते आणि त्यातून संशयितांची यादी लहान होते.

पण त्याही आधी एक शंका मिटवावी लागते: गाठ भिंतीत आहे तरी का? प्लीहा, पित्ताशय, यकृताचा डावा भाग किंवा शेजारून जाणारी एखादी रक्तवाहिनी बाहेरून जठराला टेकते आणि आत उंचवटा दिसतो. अशा वेळी ईयूएसमध्ये पाचही पट्ट्या अखंड दिसतात आणि त्यांच्या पलीकडे तो अवयव दिसतो. काळजी तिथेच संपते. दुसरी शक्यता जठरातल्या फुगलेल्या शिरांची. यकृताच्या जुनाट आजारात जठराच्या वरच्या भागात शिरा फुगतात आणि त्यांचा पुंजका अगदी गाठीसारखा दिसू शकतो. ईयूएसमध्ये त्या पूर्ण काळ्या दिसतात, आणि रक्तप्रवाह रंगांत दाखवणारा डॉप्लर लावल्याबरोबर त्या काळ्या पोकळीत लाल-निळे रंग वाहू लागतात. त्या क्षणी तपासणाऱ्याचा चिमट्याकडे जाणारा हात थांबतो, कारण अशा शिरेचा तुकडा घेतला असता तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकला असता. केवळ हे दोन प्रकार वेगळे काढण्यासाठी जरी ईयूएस केले, तरी ते सार्थकी लागते असे मी म्हणेन.

तिसऱ्या थरातली सर्वांत ओळखू येणारी गाठ म्हणजे लायपोमा, अर्थात चरबीची गाठ. ती पडद्यावर एकसारखी पांढरट आणि गुळगुळीत कडांची दिसते. एंडोस्कोपीत तिचा रंग पिवळसर असतो आणि चिमट्याने दाबल्यास ती उशीसारखी दबते. इतकी खात्री पटली की तुकड्याची गरज नसते आणि वारंवार तपासणीचीही नसते. याच थराच्या आसपास आढळणारा आणखी एक प्रकार म्हणजे भरकटलेले स्वादुपिंड. गर्भावस्थेत स्वादुपिंडाचा एक छोटासा भाग जठराच्या भिंतीत राहून जातो, बहुतेक वेळा जठराच्या खालच्या टोकाकडे, आणि त्या उंचवट्याच्या मध्यावर बेंबीसारखा खळगा दिसतो. ईयूएसमध्ये तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा मिश्र दिसतो, कधी त्यात बारीक नलिकाही दिसते. तोही बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास देत नाही. पूर्ण काळी, रंगप्रवाह नसलेली, पातळ भिंतीची पोकळी असेल तर ती द्रवाने भरलेली गाठ असते आणि तिच्यात विनाकारण सुई घालणे टाळले जाते, कारण त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या थरात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, हाही असू शकतो. मात्र तो अस्तरातूनच सुरू होत असल्याने साध्या बायोप्सीतही पुष्कळदा सापडतो, आणि म्हणून आधीचा तुकडा व्यर्थ होता असे समजण्याचे कारण नाही.

चौथ्या थराशी आले की मामला खरोखर बारकाईचा होतो, कारण इथे काळपट आणि गोल दिसणाऱ्या गाठी अनेक आहेत. जिस्ट, लायोमायोमा (साध्या स्नायूची गाठ), श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ) आणि क्वचित ग्लोमस ट्यूमर (बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशींची गाठ), अशी ही यादी आहे. त्यांपैकी जिस्ट, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टिनल स्ट्रोमल ट्यूमर, सर्वांत महत्त्वाची. जठराच्या स्नायूंच्या आकुंचनाची लय राखणाऱ्या काहाल पेशींशी तिचे नाते आहे. पूर्वी अशा बहुतेक गाठी साध्या स्नायूच्या समजल्या जात. १९९८ मध्ये जपानमधील हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींमध्ये ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड असतो हे दाखवले, आणि ओळख व उपचार दोन्हींना कलाटणी मिळाली. त्या बिघडलेल्या प्रथिनाला अडवणारे इमॅटिनिब हे औषध २००२ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या जिस्टसाठी मंजूर झाले. म्हणजे गाठ जिस्ट आहे की लायोमायोमा, हा नुसत्या नावाचा वाद नाही. लायोमायोमा आणि श्वानोमा जठरात सहसा निरुपद्रवी असतात. जिस्टमध्ये मात्र कमी-अधिक प्रमाणात पुढे वाढण्याची किंवा पसरण्याची शक्यता धरली जाते.

ती शक्यता किती, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: गाठीचा आकार आणि तिच्यातल्या पेशी किती वेगाने विभागत आहेत. जठरातली, दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि पेशीविभाजन मंद असलेली जिस्ट पसरण्याचा धोका जवळपास नसतो. दहा सेंटिमीटरच्या पुढे आणि विभाजन जलद असेल तर तो बराच मोठा असतो. यांतला आकार ईयूएस चांगला मोजते. पेशीविभाजन ते मोजू शकत नाही, पण धोक्याच्या काही खुणा मात्र दाखवते: वेडीवाकडी कड, गाठीच्या आत काळ्या पोकळ्या, मधूनच चमकणारे पांढरे ठिपके, एकसंध नसलेला पोत आणि गाठीवरच्या अस्तरात पडलेला व्रण. या खुणा दिसल्या म्हणजे निदान झाले असे नाही. पण त्या दिसल्यावर ‘बघू पुढच्या वर्षी’ असे म्हणून चालत नाही.

इथे ईयूएसची मर्यादा मोकळेपणाने सांगायला हवी. केवळ चित्रावरून गाठीचा नेमका प्रकार ओळखण्याचा प्रयत्न केला, तर अनेक अभ्यासांत अनुभवी हातांचेही उत्तर निम्म्या किंवा त्याहून थोड्याच अधिक वेळा बरोबर आलेले आहे. चरबीची गाठ, द्रवाची गाठ आणि शिरा यांच्याबाबतीत चित्रावर भरवसा ठेवता येतो; चौथ्या थरातल्या काळपट गाठींमध्ये तो डळमळतो. शिवाय प्रोब भिंतीला तिरका धरला गेला तर निरोगी थरही जाड दिसतात, आणि एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीचा थर कधीकधी नक्की सांगता येत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तप्रवाह उठून दिसावा असे द्रव्य, देऊन केलेल्या ईयूएसमध्ये जिस्ट बहुधा अधिक उजळते आणि लायोमायोमा कमी, म्हणून अंदाज थोडा पक्का होतो. तरीही शेवटचा शब्द पेशींचाच असतो.

त्या पेशी मिळवण्यासाठी ईयूएसच्याच मार्गाने सुई घालतात. लांबट आडव्या चित्राचे, म्हणजे लिनियर प्रकारचे, उपकरण असले की सुईचा पूर्ण मार्ग पडद्यावर दिसत राहतो: पांढरी चमकती रेघ भिंतीतून गाठीत शिरते, काही वेळा पुढेमागे होते आणि बाहेर येते. गोल फिरते चित्र देणाऱ्या रेडियल उपकरणात थर सुरेख दिसतात, पण सुईचे काम करता येत नाही. पूर्वीच्या बारीक सुईने विखुरलेल्या पेशीच मिळत. आताच्या खास धारेच्या सुयांनी ऊतीची अखंड बारीक दोरी मिळते, आणि चौथ्या थरातल्या गाठींसाठी हा फरक निर्णायक आहे. कारण लांबट पेशी दिसल्या एवढ्याने जिस्ट ठरत नाही; त्या तुकड्यावर वेगवेगळे रंग चढवून पाहावे लागते. सीडी११७ आणि डॉग-१ ही प्रथिने उमटली तर जिस्ट, डेस्मिन हे प्रथिन उमटले तर लायोमायोमा, एस-१०० उमटले तर श्वानोमा, असा साधारण ठोकताळा आहे. गाठ लहान असून सुई तिच्यात स्थिर राहत नसेल, तर वरच्या अस्तराला छोटी चीर देऊन चिमट्याने थेट गाठीचा तुकडा घेण्याची पद्धतही आहे. सुईने मिळालेल्या लहान नमुन्यात पेशीविभाजनाची मोजणी मात्र भरवशाची नसते, म्हणून धोक्याचा अंतिम हिशेब बहुधा गाठ काढल्यानंतरच होतो.

प्रत्येक उंचवट्यात सुई घालावी का? नाही. युरोपियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोइंटेस्टिनल एंडोस्कोपीच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार गाठ जिस्टसारखी दिसत असेल आणि दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, धोक्याच्या खुणा असतील किंवा शस्त्रक्रिया वा औषधोपचार ठरवायचे असतील, तर पेशींचे निदान करून घ्यावे. निश्चित निदान नसलेली, त्रास न देणारी गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तीन ते सहा महिन्यांनी एकदा आणि नंतर दोन ते तीन वर्षांनी एंडोस्कोपी सुचवली आहे. एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठीसाठी पहिल्या तपासणीनंतर दर एक ते दोन वर्षांनी. आणि दोन सेंटिमीटरहून मोठी पण न काढलेली गाठ असेल तर सहा महिन्यांनी आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी, तीही ईयूएससह. लायपोमा, लायोमायोमा किंवा भरकटलेले स्वादुपिंड हे निदान पक्के झाले असेल, तर पाठपुरावा करू नये असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. निरुपद्रवी गाठीच्या मागे वर्षानुवर्षे धावणाऱ्या माणसाच्या मनावर जो ताण पडतो, तो कुठल्याही अहवालात नोंदवला जात नाही.

गाठ काढायचे ठरले, तरी थराची माहिती उपयोगी पडते. तिसऱ्या थरापर्यंतची गाठ काही वेळा एंडोस्कोपीनेच सोलून काढता येते. चौथ्या थरातली गाठ काढताना भिंतीला आरपार छिद्र पडण्याची शक्यता धरूनच तयारी करावी लागते आणि पुष्कळदा लॅपरोस्कोपीने गाठीसह भिंतीचा छोटा भाग काढतात. जिस्ट लसीकाग्रंथींमध्ये क्वचितच पसरते, म्हणून जठराच्या कर्करोगासारखी मोठी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. मात्र काढताना गाठ फुटू न देणे अत्यावश्यक असते.

तपासणी रुग्णाच्या बाजूने पाहिली तर एंडोस्कोपीपेक्षा फार वेगळी नाही. सहा ते आठ तास उपाशीपोटी यावे लागते, डाव्या कुशीवर झोपवून गुंगीचे औषध देतात, नळी नेहमीपेक्षा थोडी जाड असते आणि वेळ अर्ध्या तासाच्या आसपास, सुई घालायची असल्यास आणखी थोडा लागतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधीच सांगावीत. ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, कारण कोणती किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या आजारावरही अवलंबून असते. निव्वळ ईयूएसमध्ये गुंतागुंत फारच विरळ आहे. सुई घातल्यावर थोडा रक्तस्राव किंवा दुखणे होऊ शकते. घरी गेल्यावर काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

अहवाल हातात आल्यावर ‘ट्यूमर’ शब्दावर नजर खिळण्याआधी त्यात चार गोष्टी शोधाव्यात: गाठ कोणत्या थरातून निघाली आहे, तिचा सर्वांत मोठा व्यास किती, पोत आणि कड कशी आहे, आणि डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह दिसला का. यांतले काही लिहिलेले नसेल तर विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. पुढच्या तपासणीला जाताना जुना अहवाल आणि शक्य असल्यास त्यातली चित्रेही बरोबर न्यावीत. मागच्या वेळी चौदा मिलिमीटर आणि या वेळी सोळा असे आकडे आले, तर गाठ खरोखर वाढली की मोजताना प्रोबचा कोन बदलला, हे डॉक्टरांना दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच ठरवता येते.